केळीच्या घडाचं वजन तीन महिने आधी: पायथनमध्ये पहिलं लिनियर रिग्रेशन मॉडेल

लिनियर रिग्रेशन म्हणजे मोजलेल्या आकड्यांतून सरळ रेषा काढून अंदाज बांधायची रीत. ती शिकवणारे जुने धडे उघडले की पहिल्याच ओळीत बोस्टन शहरातल्या घरांच्या किमती भेटतात. ती माहिती पायथनच्या सायकिट-लर्न या पॅकेजमधून १.२ आवृत्तीपासून काढून टाकली आहे. त्यामुळे धडा जसाच्या तसा टाइप करणारा नवशिका तिथेच एररवर अडकतो. ती माहिती शोधत बसू नका. रावेर, यावल, चोपड्यापासून शहाद्यापर्यंत केळीची बाग हाताशी आहे आणि तिच्यात मोजण्यासारखं भरपूर आहे.

या लेखात आपण एकच मॉडेल बांधणार आहोत. झाड निसवलं, म्हणजे घड बाहेर पडला, की खोडाचा घेर आणि फण्या मोजायच्या आणि कटाईला घड किती किलो भरेल याचा अंदाज काढायचा. निसवणीपासून कटाईपर्यंत साधारण तीन ते चार महिने जातात, म्हणजे गाडी, मजूर आणि सौदा ठरवायला तेवढा अवधी मिळतो. अंदाजाची रेषा पायथन एका कमांडमध्ये काढून देतो. खरं काम तिच्या आधीच्या नोंदवहीत आणि नंतरच्या तपासणीत आहे, म्हणून या लेखातही जास्त जागा त्याच दोन गोष्टींना दिली आहे.

कमांडची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अक्षरं आणि अंक दोन्ही इंग्रजीत घ्या.

१. काय काय लागेल

बागेत:
- शिंप्याचा कापडी टेप, सेंटिमीटरच्या खुणांचा
- घड टांगून तोलता येईल असा ५० किलोपर्यंतचा काटा
- झाडाला बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि पावसात न पुसणारा मार्कर
- जाड पुठ्ठ्याची वही

संगणकावर:
- पायथन ३, किंवा काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं गुगल कोलॅब
- पांडाज, नमपाय, मॅटप्लॉटलिब, सायकिट-लर्न आणि स्टॅट्समॉडेल्स ही पाच पॅकेजं
- एक्सेल किंवा तसलं कुठलंही स्प्रेडशीट

दोन अडचणी आधीच सांगून ठेवतो. पॅकेज ‘पिप’ या बसवणाऱ्या कमांडने बसवताना नाव सायकिट-लर्न द्यायचं, पण प्रोग्रॅममध्ये इम्पोर्ट करताना ‘एसकेलर्न’ लिहायचं. इथे उलटापालट झाली की काहीच चालत नाही. दुसरी अडचण कोलॅबची. डाव्या बाजूच्या फोल्डरमध्ये चढवलेली फाइल सत्र संपलं की जाते. फाइल गुगल ड्राइव्हमध्ये ठेवून तिथून वाचा.

२. प्रश्न एका वाक्यात लिहा

‘केळीचं उत्पन्न किती येईल’ हा प्रश्न मॉडेलला विचारता येत नाही. ‘निसवणीच्या वेळी जमिनीपासून एक फुटावर मोजलेल्या घेरावरून आणि ठेवलेल्या फण्यांवरून, कटाईच्या दिवशी दांड्यासह घडाचं वजन किती किलो’ हा प्रश्न विचारता येतो. कुठे मोजायचं, केव्हा मोजायचं आणि कशासकट मोजायचं, हे तिन्ही त्यात आलं.

दांड्याचा मुद्दा किरकोळ समजू नका. अर्धे घड दांड्यासह आणि अर्धे दांडा छाटून तोलले, तर तो फरक मॉडेलला घेराच्या माथी मारावा लागेल. एक पद्धत ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

अंदाज करायच्या वेळी हातात नसेल अशी कोणतीही माहिती मॉडेलला देऊ नका. कटाईच्या वेळची केळाची जाडी वहीत असली आणि ती मॉडेलमध्ये टाकली, तर अंदाज फार सुंदर येईल. पण तीन महिने आधी ती जाडी कुणालाच माहीत नसते, त्यामुळे त्या मॉडेलचा उपयोग शून्य.

३. बागेतली मोजणी

सुरुवातीला सहा शेतं आणि प्रत्येक शेतातली २० झाडं, म्हणजे १२० नोंदी, एवढं पुरेसं आहे. एकाच शेतातल्या १२० झाडांपेक्षा हे कितीतरी चांगलं. माती, पाणी आणि खत देण्याची पद्धत शेतागणिक बदलते आणि मॉडेलला तो फरक दिसला पाहिजे.

झाडं निवडताना डोळ्याला छान दिसेल ते झाड घेऊ नका. कडेच्या दोन ओळी सोडा, मग ओळीने चालत दर पंधरावं झाड घ्या. ते किरकोळ निघालं तरी तेच घ्यायचं. पट्टीवर क्रमांक लिहून ती खोडाला सैल बांधा.

वहीतले रकाने असे ठेवा: झाड क्रमांक, शेत क्रमांक, बाग, रोप, घेर, फण्या, निसवणीची तारीख, कटाईची तारीख, वजन, शेरा.

‘बाग’ या रकान्यात मृगबाग की कांदेबाग ते लिहायचं. जून-जुलैत लावलेली बाग आणि पावसाळ्यानंतर लावलेली बाग यांचे घड वेगवेगळ्या ऋतूंत भरतात. एकीला खानदेशचा उन्हाळा ज्या वयात गाठतो, त्या वयात तो दुसरीला गाठत नाही. ‘रोप’ म्हणजे टिश्यूकल्चर की कंद. इथे एक सापळा आहे. तुमच्या सगळ्या मृगबागा टिश्यूकल्चरच्या आणि सगळ्या कांदेबागा कंदाच्या असतील, तर हे दोन रकाने प्रत्यक्षात एकच होतात. मग फरक हंगामाचा की रोपाचा, हे कोणतंही गणित सांगू शकणार नाही. शेतं निवडतानाच दोन्ही प्रकारांत दोन्ही रोपं येतील असं पाहा, आणि ते जमत नसेल तर ‘रोप’ मॉडेलमध्ये घेऊ नका.

फण्यांबाबतही सावध राहा. निर्यातीच्या मालासाठी खालच्या फण्या काढून आठ-नऊच ठेवतात. म्हणजे हा आकडा झाडाच्या ताकदीबरोबरच माणसाच्या निर्णयानेही ठरतो. विरळणीनंतर ठेवलेल्या फण्या मोजा, आणि विरळणी केली की नाही ते शेऱ्यात लिहा.

वादळात पडलेलं, सीएमव्ही या विषाणूरोगाने गेलेलं किंवा घड न भरलेलं झाड वहीतून पुसून टाकू नका. वजनाचा रकाना रिकामा ठेवून कारण लिहा. मॉडेलमध्ये ते झाड येणार नाही, पण १२० पैकी किती झाडं कटाईपर्यंत पोचली हा आकडा शेवटच्या हिशेबात लागतो.

४. आधी पाच झाडं हातानं

संगणक उघडण्याआधी हे एकदा कागदावर कराच. पुढे स्क्रीनवर आलेल्या आकड्यांचा अर्थ कळतो. खालचे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत.

घेर, सेंटिमीटरमध्ये: ६०, ६४, ६८, ७२, ७६
वजन, किलोमध्ये: १७, १९, २०, २३, २४

घेराची सरासरी ६८, वजनाची २०.६. आता प्रत्येक आकड्यातून त्याची सरासरी वजा करा.

घेराचे फरक: −८, −४, ०, ४, ८
वजनाचे फरक: −३.६, −१.६, −०.६, २.४, ३.४

जोडीजोडीनं गुणाकार करून बेरीज: २८.८ + ६.४ + ० + ९.६ + २७.२ = ७२
घेराच्या फरकांच्या वर्गांची बेरीज: ६४ + १६ + ० + १६ + ६४ = १६०

चढ = ७२ ÷ १६० = ०.४५
स्थिरांक = २०.६ − ०.४५ × ६८ = −१०

म्हणजे वजन = ०.४५ × घेर − १०. घेर एक सेंटिमीटरने जास्त असेल तर घड सरासरी ४५० ग्रॅमने जास्त.

या रेषेवर पाच अंदाज येतात १७, १८.८, २०.६, २२.४ आणि २४.२. खऱ्या वजनातून अंदाज वजा केला की उरतात ०, ०.२, −०.६, ०.६, −०.२. यांना रेसिड्युअल म्हणतात. त्यांच्या वर्गांची बेरीज ०.८ येते, आणि दुसरी कोणतीही सरळ रेषा काढली तरी ही बेरीज याहून कमी येत नाही. लीस्ट स्क्वेअर्स या नावाचा अर्थ एवढाच. फ्रेंच गणिती लेजांद्र यांनी ही रीत १८०५ साली छापली. पायथन आजही हीच बेरीज लहानात लहान करतो.

स्थिरांक −१० बघून दचकू नका. शून्य घेराचं झाड नसतं, त्यामुळे त्या आकड्याला बागेत काही अर्थ नाही. पण तो एक मर्यादा दाखवतो. २० सेंटिमीटर घेराचं रोप या सूत्रात घातलं तर घड −१ किलोचा येतो. रेषा ६० ते ७६ च्या पट्ट्यात मोजली आहे, तिच्यावर भरवसा तेवढ्याच पट्ट्यात ठेवायचा.

५. वही संगणकात आणा

मराठी वापरणाऱ्यांचे सगळ्यात जास्त तास इथेच वाया जातात.

- स्प्रेडशीटमध्ये अंक देवनागरीत टाइप केले असतील तर पांडाज तो रकाना आकड्यांचा न धरता मजकूर समजतो. मजकुराचा आकडा करणारा पायथनचा स्वतःचा ‘फ्लोट’ मात्र देवनागरी अंक ओळखतो. त्यामुळे रकान्यावर ‘मॅप’ने ‘फ्लोट’ लावला की काम भागतं. नवीन नोंदी सरळ इंग्रजी अंकांत करा.
- एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत साठवलं की मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं होतात. यादीतून यूटीएफ-८ म्हटलेला सीएसव्हीचा प्रकार निवडा.
- आकड्याच्या रकान्यात ‘६८ सेमी’ किंवा ‘अंदाजे २०’ असं काही लिहू नका. एका खान्यात अक्षर आलं तरी अख्खा रकाना मजकूर होतो.
- रकान्यांची नावं इंग्रजी अक्षरांत, एका शब्दाची, जागा न सोडता ठेवा. पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, पण नावात न दिसणारं जोडचिन्ह शिरलं की एरर येते आणि ती डोळ्यांना सापडत नाही.

फाइल ‘रीड_सीएसव्ही’ने वाचल्यावर लगेच ‘इन्फो’ आणि ‘डिस्क्राइब’ चालवा. पहिल्यात घेर, फण्या आणि वजन यांच्यापुढे ‘इंट’ किंवा ‘फ्लोट’ दिसलं पाहिजे. दुसऱ्यात किमान आणि कमाल बघा. घेर ६.८ किंवा ६८० दिसला तर दशांश चिन्ह चुकलं आहे. वजन २०० दिसलं तर शून्य जास्त पडलं आहे. शंका आली की वही उघडून दुरुस्त करा. अंदाजाने आकडा बदलू नका.

वजन रिकामं असलेल्या ओळी ‘ड्रॉपएनए’ने बाजूला काढा. सायकिट-लर्नचं साधं लिनियर रिग्रेशन रिकामा खाना स्वीकारत नाही. मात्र ‘ड्रॉपएनए’ला नुसतं सोडलं तर शेरा रिकामा असलेली निरोगी झाडंही उडतात. ‘सबसेट’मध्ये फक्त घेर, फण्या आणि वजन द्या.

६. आकृती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका

आडव्या अक्षावर घेर, उभ्यावर वजन, ‘स्कॅटर’ची एक कमांड. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ साली आकड्यांचे चार संच दाखवले. चारही संचांची सरासरी, रेषा आणि सहसंबंध जवळपास सारखेच, पण आकृतीत एक सरळ, एक वक्र आणि उरलेले दोन एकेका भरकटलेल्या बिंदूमुळे बिघडलेले. नुसत्या आकड्यांवरून हे कळलं नसतं.

प्रत्येक शेताला वेगळा रंग द्या. एखाद्या शेताचे सगळे ठिपके रेषेच्या वर किंवा खाली बसत असतील तर ते आत्ताच दिसेल. अक्षांची नावं इंग्रजीत लिहा. मॅटप्लॉटलिबच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, अक्षरांजागी चौकोन येतात. फॉन्ट बदलला तरी मात्रा आणि जोडाक्षरं कित्येकदा जागेवर बसत नाहीत.

७. मॉडेल

आधी ‘बाग’चं रूपांतर आकड्यात करा: पांडाजचं ‘गेट_डमीज’, त्यात ‘ड्रॉप_फर्स्ट’ ट्रू आणि ‘डीटाइप’ इंट. मृगबाग आणि कांदेबाग असे दोन्ही रकाने ठेवले तर एक दुसऱ्यावरून आपोआप ठरतो आणि स्थिरांकाशी गुंता होतो, म्हणून एक काढायचा. ‘डीटाइप’ दिला नाही तर पांडाजच्या २.० पासून उत्तर ट्रू-फॉल्समध्ये येतं आणि पुढे स्टॅट्समॉडेल्स त्यावर अडतो.

मग एक्समध्ये घेर, फण्या, बाग आणि वायमध्ये वजन. ‘लिनियररिग्रेशन’ तयार करून ‘फिट’ म्हणा. ‘कोएफ_’मध्ये प्रत्येक रकान्याचा गुणांक आणि ‘इंटरसेप्ट_’मध्ये स्थिरांक मिळतो.

एकट्या घेरावर मॉडेल बांधताना ‘एक्स्पेक्टेड टूडी अरे’ किंवा तशाच अर्थाची एरर हमखास येते. एक्स हा तक्ता लागतो, एकटा रकाना चालत नाही. रकान्याचं नाव दुहेरी चौकोनी कंसात घाला.

गुणांकांची अनिश्चितताही बघायची असेल, आणि बघायला हवीच, तर तेच मॉडेल स्टॅट्समॉडेल्सच्या ‘ओएलएस’मध्ये चालवून ‘समरी’ छापा. तिथे स्थिरांक आपोआप येत नाही. ‘अॅड_कॉन्स्टंट’ विसरलात तर रेषा शून्यातून ओढली जाते, गुणांक चुकतात, आणि आर-स्क्वेअर (वजनांतल्या चढउताराचा किती हिस्सा मॉडेलने टिपला ते सांगणारा आकडा) मात्र वेगळ्या हिशेबाने मोजल्यामुळे फुगलेला दिसतो. चूक झाल्याचं त्यामुळेच लक्षात येत नाही.

गुणांक वाचताना ‘बाकीचे रकाने तेच असताना’ हे शब्द प्रत्येक वेळी जोडा. फण्यांचा गुणांक १.२ आला तर अर्थ असा: घेर तेवढाच, बाग तीच, आणि फणी एक जास्त, तर घड सरासरी १.२ किलोने जास्त. घेर आणि फण्या एकमेकांबरोबर वाढत असल्याने दोघांपैकी एकाचा गुणांक ऋण किंवा विचित्र येऊ शकतो. असं झालं तर व्हीआयएफ, म्हणजे एक रकाना बाकीच्यांशी किती गुंतला आहे ते सांगणारा आकडा, काढा. ५ ते १० च्या वर गेला की त्या गुणांकाचा स्वतंत्र अर्थ लावू नका. अंदाजासाठी मॉडेल तरीही चालू शकतं.

८. तपासणी: शेत बाजूला ठेवा, झाड नव्हे

बहुतेक धड्यांत ‘ट्रेन_टेस्ट_स्प्लिट’ने २० टक्के ओळी यादृच्छिक बाजूला काढतात. आपल्या वहीला ते लागू पडत नाही. पाचव्या शेतातली १६ झाडं शिकायला आणि त्याच शेतातली ४ परीक्षेला गेली, तर मॉडेलने ते शेत आधीच पाहिलेलं असतं. गुण चांगले येतात. पण उद्या तुम्हाला अंदाज हवा असतो सातव्या शेताचा, जे मॉडेलने पाहिलेलंच नाही.

म्हणून ‘ग्रुपकेफोल्ड’ घ्या, ‘एन_स्प्लिट्स’ सहा आणि ‘ग्रुप्स’मध्ये शेत क्रमांक. दर वेळी पाच शेतांवर शिकून सहाव्याचा अंदाज होतो. मोजमाप म्हणून ‘नेग_मीन_अॅब्सोल्यूट_एरर’ वापरा. उत्तर वजा चिन्हासह येतं, कारण या लायब्ररीत मोठा आकडा म्हणजे चांगला असा नियम आहे. चिन्ह काढलं की सरासरी किती किलोची चूक ते मिळतं.

सहाही आकडे वेगवेगळे वाचा, नुसती सरासरी नको. पाच शेतांत दीड किलो आणि एकात चार किलो चूक असेल तर त्या शेतात जाऊन बघायला हवं: ठिबकचं पाणी, करपा, घेर मोजायची उंची.

या आकड्याची तुलना दोन गोष्टींशी करा. पहिली, सगळ्यांना सरासरी वजन सांगून टाकलं तर किती चूक होते. दुसरी जास्त महत्त्वाची. कटाई करणाऱ्या जाणत्या मुकादमाला निसवणीच्या वेळी तीच झाडं दाखवा आणि त्याचा अंदाज वहीत लिहा. मॉडेल त्याच्यापेक्षा कमी चुकत नसेल तर ते अजून वापरायच्या लायकीचं नाही, आर-स्क्वेअर कितीही असो.

९. उरलेल्या चुका काय सांगतात

आडव्या अक्षावर अंदाज, उभ्यावर रेसिड्युअल. ठिपके शून्याच्या वर-खाली विस्कटलेले हवेत. कमानीसारखा आकार दिसला तर संबंध सरळ नाही, घेराच्या वर्गाचा रकाना घालून बघा. उजवीकडे पसरट होत जाणारा आकार म्हणजे भारी घडांत चूक जास्त होते. वजनाऐवजी वजनाच्या लॉगरिदमवर मॉडेल बांधून बघा. मात्र मग चुका पुन्हा किलोत आणूनच तुलना करा, लॉगमधला आर-स्क्वेअर किलोमधल्या शेजारी ठेवता येत नाही.

एखादा ठिपका फार दूर असेल तर पट्टीचा क्रमांक शोधा आणि शेरा वाचा. नोंद चुकली असेल तर दुरुस्त करा. झाड खरंच तसं असेल तर ते राहू द्या.

१०. गाडीचा हिशेब

एका घडात दोन किलोची चूक म्हणजे हजार घडांत दोन हजार किलो, असं होत नाही. चुका खरोखर सुट्या सुट्या असतील तर काही जास्त, काही कमी, आणि एकूण चूक दोन गुणिले हजारचं वर्गमूळ, म्हणजे साधारण ६३ किलो. पण एखाद्या शेतात मॉडेल प्रत्येक घडामागे अर्धा किलो जास्तच सांगत असेल, तर तिथे काहीच एकमेकांत मिटत नाही. हजार घडांत पाच क्विंटलची तूट पडते. गाडी अर्धवट राहते ती या दुसऱ्या चुकीने.

उपाय असा. कटाई एका फेरीत होत नाही, तेव्हा पहिल्या फेरीतले, निसवणीला मोजलेले २०-२५ घड तोला आणि खरं वजन वजा अंदाज यांची सरासरी काढा. तेवढी रक्कम त्या शेतापुरती स्थिरांकात मिळवा. तुलना त्या घडांची त्यांच्याच अंदाजाशी करा, शेताच्या सरासरीशी नको. आधी तयार होणारी झाडं बहुधा जोमदार असतात, सरासरीशी ताडलं तर उरलेल्या बागेचं वजन तुम्ही वाढवून बसाल.

शेताचं एकूण वजन काढताना झाडांची मूळ संख्या धरू नका. तिला वहीतल्या ‘कटाईपर्यंत पोचलेली’ या प्रमाणाने गुणा. १२० पैकी १०८ पोचली असतील तर ०.९. वादळाचं वर्ष असेल तर प्रमाण त्याच हंगामाचं घ्या.

मॉडेल साठवायला ‘जॉबलिब’ आहे, पण सायकिट-लर्नची आवृत्ती बदलल्यावर जुनी फाइल नीट उघडेलच असं नाही. तीन गुणांक आणि एक स्थिरांक वहीच्या पुठ्ठ्यावरही मावतात. तिथेच घेराचा पट्टा, शेतांची नावं, हंगाम, दांड्यासह की शिवाय, आणि शेत बाजूला ठेवून आलेली सरासरी चूक लिहा. पुढच्या निसवणीला याच रकान्यांत नवीन शेतं जोडा आणि पायरी ५ पासून पुन्हा चालवा.